पिंप हलणार नाही

आमची बाथरूम पाच फूट बाय चार फूट आहे आणि तिचं दार आत उघडतं. तेही पूर्ण उघडत नाही, कारण मागे पिंप आहे. त्यामुळे आत शिरायचं ते आडवं होऊन, श्वास रोखून. मग पिंपाला वळसा घालून दार लावायचं आणि कडी किंचित वर उचलून सरकवायची. पाहुण्यांना हे सगळं आधी समजावून सांगावं लागतं. काही जण म्हणतात, "राहू दे, घरी जाऊनच जाईन."

पिंप आहे कारण आम्ही पुण्यात राहतो. इथे दुरुस्तीची कामं निघतात ती बहुधा गुरुवारीच. "गुरुवारी पाणी बंद, शुक्रवारी सकाळी उशिरा व कमी दाबाने" अशी ओळ पेपरात आली की अप्पा, म्हणजे माझे सासरे, ती मोठ्याने वाचतात आणि बाथरूमकडे सूचक नजर टाकतात. ते एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेत. त्यामुळे मी बाथरूम आवरायचा विषय काढला तेव्हा त्यांची पहिली अट आली, "पिंप हलणार नाही." नवऱ्याची अट त्याहून सोपी होती. १५०० रुपयांच्या वर एक पैसा नाही.

सुरुवात आतलं सगळं बाहेर काढण्यापासून केली. पॅसेजमध्ये पाऊल ठेवायला जागा उरली नाही. बादल्या तर होत्याच; त्यातली एक बिनकडीची, "चपला धुवायला बरी" म्हणून ठेवलेली. शाम्पूच्या बाटल्या खाली डोकं वर पाय करून उभ्या, कारण शेवटचे चार थेंब पाणी घालून निघतात. झिजलेल्या साबणांच्या चकत्या एकावर एक चिकटवून केलेला रंगीत साबण. वज्री. लग्नाच्या हॉलवरून आलेल्या साबणाच्या वड्या. गेल्या दिवाळीचं उटणं आणि खोकंही न फोडलेला मोती साबण. शिवाय जुने टूथब्रश, ज्यातला एक कंगवा साफ करायला, एक सोन्याच्या बांगड्या घासायला, आणि एक कशाला ते कुणालाच आठवेना. पण टाकायला कुणी तयार नाही.

आमच्या घरात कुठलीही वस्तू मरत नाही. तिची बाथरूममध्ये बदली होते. शिवाय प्रत्येक वस्तूला घरात एक वकील आहे. मी फुटका मग उचलला की आतून आवाज येतो, "राहू दे, लागतो." कशाला लागतो हे विचारायचं नसतं. शेवटी मी एक पिशवी भरून गुपचूप खाली कचऱ्यात ठेवून आले. रात्री अप्पा ती वर घेऊन आले. सोसायटीतलं कुणीतरी चांगल्या वस्तू टाकून देतंय म्हणाले.

खरेदीला गेले रविवार पेठेत, बोहरी आळीत. बाथरूमचं प्लास्टिक घ्यायचं तर पुण्यात तिथेच जावं. मॉलमध्ये जी टोपली कंपोस्टच्या रंगाची म्हणून महाग असते, ती इथे लाल, निळ्या आणि भगभगीत पोपटी रंगात ढिगाने असते. दुकानदार म्हणाला, "ताई, हे व्हॅक्यूमवालं घ्या. भिंतीला भोक नको, काही नको. काचेवर लावा, पाच किलो धरतं." आमच्या भिंतीला काच नाही, टाइल्स आहेत. त्यातही बिल्डरने हौसेने मधूनमधून हायलाईटर बसवलेत, त्यावर द्राक्षांचे उठावदार घोस. रबराची वाटी गुळगुळीत जागेवर दाबली की आतली हवा निघून जाते आणि ती चिकटून राहते, एवढंच त्यातलं शास्त्र. द्राक्षावर ती कशी बसणार? कडेने हवा शिरते. मग जिथे फळ नाही तिथे हुक, असं धोरण ठरलं. हे हुक दिवसा इमानदारीने राहिले. पडले ते मध्यरात्री, टॉवेल, स्क्रबर आणि नवऱ्याच्या बनियनसकट, थेट रिकाम्या बादलीत. अप्पा काठी घेऊन "मांजर! मांजर!" करत उठले आणि शेजारच्यांच्या घरातला दिवा लागला.

सकाळी अप्पांनी ड्रिल मशिन काढलं. त्यांचा चेहरा असा उजळला होता की मला नाही म्हणवेना. टाइलवर त्यांनी आधी चिकटपट्टीची फुली मारली, म्हणजे बिट घसरत नाही. मशिनचा हॅमर, म्हणजे ठोके मारणं, बंद ठेवून हळूहळू वरचा चकचकीत थर भेदला, मग पुढे. हे सगळं करताना व्याख्यान चालूच होतं. "नळाच्या सरळ वर कधी भोक पाडायचं नाही, सूनबाई. आत पाइप असतो. शॉवरचा इथून जातो, गीझरचा इथून." एकेक पट्टी ते हाताने आखत गेले. उरली ती एकच जागा, दारामागे, बरोब्बर पिंपाच्या डोक्यावर. रॅक तिथे बसला. त्याच्या वरच्या कप्प्यापर्यंत माझा हात पोचत नाही, म्हणून पिंपाच्या झाकणावर एक गुडघा टेकवावा लागतो. म्हणजे पिंप आता रॅकचाच भाग झालं. अप्पा काही बोलले नाहीत. फक्त झाकण पुसून घेतलं.

पांढरे डाग हा वेगळा विषय. खडकवासल्याच्या पाण्यात आमच्या सोसायटीत बोअरचं पाणी मिसळतात, त्यामुळे नळावर क्षारांची साय धरते. किराणा दुकानातून लिंबूसत आणलं, कोमट पाण्यात विरघळवून त्यात भिजवलेलं फडकं नळाला गुंडाळून ठेवलं, आणि तासाभराने जुन्या टूथब्रशने घासलं. (तो कशाला ठेवलाय ते कळलं एकदाचं.) नळ असा चमकला की त्यात माझं नाक दिसलं. उंबरठा मार्बलचा आहे, त्यावर मात्र हे पाणी पडू दिलं नाही, कारण आंबट लागलं की मार्बलचं पॉलिश जातं. नवरा उत्साहाने म्हणाला, "त्यात ब्लीच पण टाकू का थोडं?" अप्पांनी त्याला बाहेर काढलं. आम्लात ब्लीच मिसळलं की क्लोरीन वायू सुटतो, आणि आमच्या बाथरूममध्ये पळायला जागा नाही.

तरी वास येत होता. उदबत्ती लावून पाहिली, तर चंदनाच्या गटाराचा वास यायला लागला. अप्पांनी नहाणी ट्रॅपची जाळी उचलली आणि विचारलं, "वाटी कुठाय?" जाळीखाली एक उपडी वाटी असते. तिच्या कडेभोवती पाणी साचून राहतं आणि ते खालचा वास आणि झुरळं दोन्ही अडवतं. केस अडकून पाणी तुंबतं म्हणून कधीतरी कुणीतरी ती काढून टाकली होती. शोधाशोध झाली. वाटी खिडकीत सापडली. आम्ही तिचा साबणदाणी म्हणून वापर करत होतो.

वाटी जागेवर गेली, वास गेला. पांढऱ्या बल्बच्या जागी पिवळसर बल्ब लावला, तर सगळेच जरा बरे दिसायला लागले. खिडकीच्या काचपट्ट्यांशी बाटलीत मनी प्लँट. टोपल्यांचं वर्गीकरण केलं: अंघोळ, केस, धुणं, संकीर्ण. हिशोब १४६० रुपये. रिक्षाचे पैसे असल्या हिशोबात धरायचे नसतात.

शनिवारी नणंद आली. तिला कडीची रीत सांगितली, ती आत गेली. बराच वेळ झाला. मला वाटलं, बघत बसली असेल. मग आतून हाक आली, "वहिनी, साबण कुठाय?"

"अंघोळीच्या टोपलीत!"

"ती कुठली?"

"पोपटी!" नवरा ओरडला.

"पोपटीत वज्री आहे!"

अप्पा दाराशी गेले आणि एसटीला मागे घेताना कंडक्टर सांगतो तशा सूचना देऊ लागले. "मागे वळ. आता वर. अजून वर. पिंपावर गुडघा टेक, घाबरू नकोस, धरतं ते. हां, डावीकडे हात घाल." आत काहीतरी पडलं. मग पाण्याचा आवाज आणि नणंदेचं गुणगुणणं सुरू झालं तेव्हा आम्ही सगळे बसलो.

ती बाहेर आली ती चंदनाच्या घमघमाटात. "छान केलीय हं बाथरूम, वहिनी. साबण तर एकदम भारी."

अप्पांनी पेपर खाली ठेवला. "खोकं फोडलंस?"

"मग काय करू?"

"अगं, तो दिवाळीचा होता!"