हातगाडीला आधी नळ द्या

९ मार्च २०२० रोजी पुण्यात राज्यातले पहिले करोना रुग्ण आढळले आणि खाण्यापिण्याच्या बाबतीत आपण सगळेच एकाएकी दक्ष झालो. परंतु त्यातली बरीचशी दक्षता भलत्याच ठिकाणी खर्ची पडली, असे माझे स्पष्ट मत आहे. अन्नातून किंवा वेष्टनातून या विषाणूची लागण होण्याची शक्यता अत्यंत कमी असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने एप्रिल २०२० मध्येच सांगितले होते. तरीही आपण भाज्या सोड्याच्या पाण्यात बुडवत राहिलो आणि भेळवाल्याच्या हातात मोजे दिसले की निर्धास्त होऊ लागलो. त्याच मोज्यांनी तो सुटे पैसे देत होता आणि त्याच मोज्यांनी कांदा-कोथिंबीर उचलत होता, याकडे मात्र कोणाचे लक्ष नव्हते.

अन्न सुरक्षा आणि मानके कायदा २००६ सालचा आहे. वर्षाला १२ लाखांपर्यंत उलाढाल असणाऱ्या छोट्या विक्रेत्याने तेव्हाच्या नियमानुसार १०० रुपये वार्षिक शुल्क भरून नोंदणी करावी, पिण्यायोग्य पाणी वापरावे आणि स्वच्छता पाळावी, अशी त्यात अपेक्षा होती. टाळेबंदीत नोकऱ्या गेल्यावर घरून डबे देऊ लागलेल्या अनेक महिलाही याच चौकटीत येत होत्या. अपेक्षा रास्तच आहे. पण पदपथावर उभ्या असलेल्या माणसाने वीस सेकंद हात धुवायचे ते कुठे? सकाळी भरून आणलेल्या एका कॅनमध्ये त्याला भांडी विसळायची असतात, गिऱ्हाइकाला प्यायला द्यायचे असते आणि दिवसभर हातही धुवायचे असतात. शिजवलेले अन्न ६० अंशांच्या वर गरम किंवा ५ अंशांच्या खाली थंड ठेवावे, हा नियम तर विजेची जोडणी नसलेल्या गाडीवर पाळणे फारच कठीण आहे.

जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात गुइलेन-बॅरे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराची साथ आली, तेव्हा काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला आणि संशय दूषित पाण्यावर गेला. नळालाच येणारे पाणी शंकास्पद असेल, तर टपरीवाल्याने कितीही काळजी घेतली तरी ती अपुरीच पडणार.

परवानाधारक पथारी व्यावसायिकांकडून महापालिका शुल्क घेते. त्या पैशांतून प्रत्येक अधिकृत हॉकर्स झोनमध्ये तपासलेल्या पाण्याचा नळ, सांडपाण्याची सोय आणि ओल्या कचऱ्याचा डबा द्यावा, त्या पाण्याच्या तपासणीचे निकाल तिथेच फलकावर लावावेत आणि मगच अस्वच्छतेसाठी दंडाची पावती फाडावी, अशी माझी मागणी आहे.