'नोमोडसेट लिहा, नाहीतर बोर्ड भंगारात': या संदेशाला उत्तर

पेडण्यापासून काणकोणपर्यंत शाळांच्या संगणक प्रयोगशाळा सांभाळणाऱ्यांच्या आणि चवथीच्या देखाव्यांना स्क्रीन बसवणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटांत एक संदेश फिरतो आहे: "रास्पबेरी पाय, ऑरेंज पाय असल्या बोर्डांवर लिनक्सचा ओपन सोर्स ग्राफिक्स ड्रायव्हर चालतच नाही. यूट्यूब अडकतं हाच पुरावा. 'नोमोडसेट' लिहा, नाहीतर कंपनीचा ड्रायव्हर घाला. तेही जमलं नाही तर बोर्ड भंगारात." या चार वाक्यांपायी धडधाकट बोर्ड, म्हणजे एकाच पाटीवरचे हे छोटे संगणक, कपाटात जाऊन पडतात, म्हणून एकेक वाक्य घेऊ.

"चालतच नाही." माली-४०० आणि ४५० या ग्राफिक्स चिपांसाठीचा लिमा, त्यापुढच्या माली चिपांसाठीचा पॅनफ्रॉस्ट हे दोन्ही ड्रायव्हर २०१९ च्या लिनक्स ५.२ पासून मूळ कर्नलमध्येच (लिनक्सच्या गाभ्यातच) आहेत. पॅनफ्रॉस्टला माली-जी५२ वर ओपनजीएल ईएस ३.१ या थ्रीडी चित्रांच्या मानकाचं अधिकृत प्रमाणन २०२१ मध्ये मिळालं. रास्पबेरी पाय ४ च्या व्हल्कन (तसंच दुसरं मानक) ड्रायव्हरला तर ते २०२० मध्येच मिळालं होतं.

मग अडखळतं का? या बोर्डांवर चित्र काढणं आणि ते स्क्रीनवर पोचवणं ही दोन वेगळ्या भागांची कामं आहेत आणि दोघांचे ड्रायव्हरही वेगळे. रास्पबेरी पाय ४ आणि ५ वर व्ही३डी चित्र काढतो, व्हीसी४ ते पोचवतो. पोचवणारा लागला आणि काढणारा नाही, की स्क्रीन नीट दिसते पण सगळं चित्र सीपीयूला काढावं लागतं. हे ओळखायला मेसा-युटिल्स पॅकेज घाला आणि 'जीएलएक्सइन्फो -बी' ही आज्ञा द्या (टाइप अर्थातच रोमन लहान अक्षरांत, फक्त शेवटचा 'बी' मोठा). 'रेंडरर'पुढे 'एलएलव्हीएमपाइप' आलं तर काम सीपीयू करतो आहे. व्ही३डी किंवा माली आलं तर ग्राफिक्स चिप जागी आहे, दोष दुसरीकडे शोधा.

पायवर एलएलव्हीएमपाइप दिसलं तर आधी बूट विभागातली कॉन्फिग फाइल उघडा. 'डीटीओव्हरले' म्हणून 'व्हीसी४-केएमएस-व्ही३डी' लावणारी ओळ जुन्या मार्गदर्शिका वाचून कोणीतरी # लावून बंद केलेली असते. ती उघडा, रीबूट करा. त्याच फाइलमधली 'जीपीयू मेमरी' वाढवण्याचा खटाटोप पाय ४ वर निरुपयोगी आहे. तिथला थ्रीडी भाग सरळ मुख्य रॅम वापरतो. ओळ जागेवर असेल तर वापरकर्ता 'व्हिडिओ' आणि 'रेंडर' या गटांत आहे का ते बघा. सूचनाफलकासाठी वेगळा वापरकर्ता बनवला की हे हमखास राहून जातं.

ऑरेंज पाय ५ ची गोष्ट जरा गुंतागुंतीची आहे. त्याच्या माली-जी६१० ला पॅन्थॉर ड्रायव्हर लागतो, म्हणजे निदान लिनक्स ६.१० आणि मेसा (ओपन सोर्स ड्रायव्हरांचा कर्नलबाहेरचा भाग) २४.१. डेबियन १२ या लिनक्स वितरणामध्ये कर्नल ६.१ आणि मेसा २२.३ आहे, तेव्हा तिथे कितीही डोकं आपटलं तरी एलएलव्हीएमपाइपच येणार. डेबियन १३ मध्ये कर्नल ६.१२ आणि मेसा २५.० आहे, म्हणजे चित्र काढणारा तयार. पण या बोर्डाच्या रॉकचिप आरके३५८८ या मुख्य चिपेच्या एचडीएमआयचा आधार मूळ कर्नलमध्ये ६.१३ पासून सुरू झाला! ग्राफिक्स चिप जागी आणि स्क्रीन काळी, असा उलटा प्रकार होतो. बोर्डाला आधार असलेला त्यापुढचा कर्नल घालणं हा त्यावरचा उपाय. शिवाय पॅन्थॉरला मालीची फर्मवेअर फाइल लागते. ती नसेल तर 'डीमेसेज' या कर्नलच्या नोंदी दाखवणाऱ्या आज्ञेत फर्मवेअर न मिळाल्याची ओळ स्पष्ट दिसते.

"यूट्यूब अडकतं हाच पुरावा." व्हिडिओ उलगडणारा डीकोडर हा ग्राफिक्स चिपेहून निराळा भाग आहे. यूट्यूब बहुतेक वेळा व्हीपी९ किंवा एव्ही१ या प्रकारचा व्हिडिओ पाठवतं आणि त्यांचा हार्डवेअर डीकोडर कुठल्याच रास्पबेरी पायमध्ये नाही. पाय ४ वर ब्राउझरला एच.२६४ हा प्रकार घ्यायला लावणारं एक्स्टेन्शन घाला. पाय ५ मध्ये हार्डवेअर डीकोडर फक्त एचईव्हीसी या प्रकाराचा आहे, तेव्हा एच.२६४ सुद्धा सीपीयूच उलगडतो. अडकलंच तर ७२०पी वर उतरा.

"नोमोडसेट लिहा." या शब्दाचा अर्थच कर्नलच्या ग्राफिक्स ड्रायव्हरांना बाजूला बसवणं असा आहे. आताच्या कर्नलमध्ये व्हीसी४ आणि रॉकचिपचा ड्रायव्हर तो पाळतात. पीसीवर स्क्रीन काळी पडली तर एकदा आत शिरण्यापुरता तो कामाचा आहे. बोर्डावर कायमचा लिहिलात तर जे काम सीपीयूवर पडू नये तेच कायम त्याच्यावर पडेल, किंवा स्क्रीन उजळणारच नाही. बूटच्या ओळीत तो सापडला तर आधी काढा.

कंपनीच्या ड्रायव्हरबद्दल थोडक्यात: मालीचा बंद ड्रायव्हर ठरावीक कर्नलशी बांधलेला असतो, डेस्कटॉपचं पूर्ण ओपनजीएल देत नाही आणि बसवताना मेसाच्या ईजीएल, जीएलईएस लायब्ररींच्या जागी आपल्या फाइली ठेवतो. कर्नल बदलला की तो गेला, आणि मेसाही परत येत नाही.

भंगारात टाकण्याआधी वीज तपासा. पाय ४ ला ५.१ व्होल्ट, ३ अँपिअर लागतात, ४.६३ व्होल्टच्या खाली उतरलं की 'अंडरव्होल्टेज'ची नोंद होते आणि गती कमी केली जाते. फोनचा चार्जर आणि लांब बारीक केबल एवढ्यानेही ते घडतं. 'व्हीसीजेनसीएमडी गेट_थ्रॉटल्ड' या आज्ञेचं उत्तर शून्य यायला हवं. पत्र्याखालच्या खोलीत मे महिन्यात चिप ८० अंशांवर गेली की तीही मंदावते, म्हणून पंखा लावा. किनाऱ्यालगतच्या खाऱ्या दमट हवेत मायक्रो-एचडीएमआयच्या पिना काळवंडतात. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून दुसरी केबल लावून पाहा.

संदेश खरा ठरतो तो वेगळ्याच यंत्रांवर. इंटेल जीएमए ५०० किंवा ३६०० असलेल्या जुन्या नेटबुकांत पॉवरव्हीआरची चिप आहे, आणि तिथला ओपन सोर्स ड्रायव्हर फक्त स्क्रीन उजळतो, थ्रीडी देत नाही. त्यांवर एलएक्सक्यूटीसारखा हलका डेस्कटॉप घाला आणि मुलांना टायपिंगला द्या.