फ्युएल पंपचं खापर एथेनॉलवर कशाला?

‘ई-२० (२० टक्के एथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलने होंडाचे फ्युएल पंप खाल्ले, म्हणून कंपनीने गाड्या परत बोलावल्या. मॉडेलच भंगार आहे. पण तुमची गाडी नीट चालत असेल तर नेऊ नका, बिल लावतील.’ अशा अर्थाचा मेसेज सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरतोय.

आधी तारखा बघा. देशात ई-२० विक्रीला आलं फेब्रुवारी २०२३ मध्ये. होंडाने याच पंपासाठी भारतात ६५,६५१ गाड्या बोलावल्या जून २०२० मध्ये, पुढे एप्रिल २०२१ मध्ये आणखी ७७,९५४. टोयोटाची जागतिक रिकॉल तर जानेवारी २०२० पासूनची. पंप बनवणारी कंपनी एकच, डेन्सो. ऊसवाल्या महाराष्ट्रात एथेनॉलचं नाव निघालं की लगेच दोन तट पडतात. जुन्या गाड्यांच्या मायलेजवरून जरूर भांडा, पण तो वाद वेगळा.

दोष कारखान्यातलाच होता. टाकीत बुडून इंजिनकडे पेट्रोल ढकलणाऱ्या पंपात प्लॅस्टिकचं एक छोटं चक्र असतं, इम्पेलर. चावी फिरवल्यावर मागून क्षणभर ‘गुंऽऽ’ ऐकू येतं, ते त्याचंच. काही लॉटमध्ये या चक्राचं प्लॅस्टिक हवं तेवढं घट्ट उतरलं नाही. ते पेट्रोल शोषून फुगतं, पंपाच्या आतल्या बाजूला घासतं आणि एक दिवस अडकतं.

त्यामुळे ‘नीट चालतेय’ याला अर्थ नाही. अडकेपर्यंत ती नीटच चालणार! बोरघाट चढताना, मागे ट्रेलर लागलेला असताना इंजिन बंद पडलं तर ब्रेकला बूस्टरची (पेडल हलकं करणाऱ्या भागाची) साथ एक-दोन दाबांपुरतीच मिळते, मग पेडल दगडासारखं होतं.

मॉडेल भंगार? मारुतीने मार्च २०२४ मध्ये याच भागासाठी १६,०४१ बलेनो आणि वॅगनआर बोलावल्या. त्या फक्त ३० जुलै ते १ नोव्हेंबर २०१९ या काळात बनलेल्या. बाकीच्या लाखोंना हातही लावला नाही.

बिलाचं म्हणाल तर वॉरंटी संपलेली असली तरी रिकॉलचा पंप फुकट बदलतात. गाडी आत गेल्यावर ‘साहेब, ब्रेक पॅड पण गेलेत’ अशी यादी पुढे आली तर ती रिकॉल नव्हे. जॉबकार्डवर रिकॉलचंच काम लिहून घ्या, बाकीचं तुमच्या मर्जीवर.

आरसीवरचा १७ अक्षरी चासी नंबर कंपनीच्या वेबसाइटवर टाकला की तुमची गाडी यादीत आहे का ते कळतं. ‘आमचा पंप मागेच बदललाय’ म्हणणाऱ्यांनीही तो टाकावा. होंडाच्या ऑक्टोबर २०२४ च्या रिकॉलमध्ये २,२०४ गाड्या अशा होत्या, ज्यांना आधी स्पेअर म्हणून बसवलेला पंपच सदोष निघाला.