आत्याच्या वाट्यावर टपलेला मेसेज

‘आता विषमता उरलीय कुठे?’ या मथळ्याचा सात मुद्द्यांचा एक मेसेज सध्या सांगली जिल्ह्यातल्या तासगाव-पलूस भागातल्या भावकीच्या ग्रुपांवर फिरतोय. सार असं: बायकांना दरमहा 1,500 रुपये, एसटीचं अर्धं तिकीट, पोरींना फी माफ. शेती कसतो भाऊ, बहिणीला हुंड्यात तिचं मिळालेलं असतं. जात संपली, आरक्षण तर दहाच वर्षांचं होतं. आणि आता बहिणी भावांच्या जमिनीवर डोळा ठेवून आहेत, तेव्हा त्यांना ‘खरा कायदा’ कळू द्या. शेवटी तिरंगा आणि जोडलेले हात.

असल्या मेसेजांना उत्तर द्यायला लागलो तर जन्म पुरायचा नाही. पण हा आमच्या आत्याला तिच्या सख्ख्या भाच्याने, म्हणजे माझ्या चुलतभावाने, पाठवला. खाली लिहिलं, ‘वाचून घे आणि रजिस्ट्रीला कधी येतेस कळव.’ रजिस्ट्री कसली, तर हक्कसोडपत्राची. आत्याचं लग्न 1987 चं, आजोबा 1998 ला गेले. तिने फोनवर एवढंच विचारलं, “हे खरं हाय का रं?”

नाही आत्या, खरं नाही. आणि तुला वाटा मिळाला तर माझ्या वडिलांचा, म्हणजे पुढे माझाही, कमी होणार आहे. तरी खरं नाही.

पाचव्या मुद्द्यापासूनच सुरू करतो, कारण बाकीचे सहा त्याच्यासाठीच जमवलेत. तो म्हणतो: ‘1994 च्या आधी लग्न झालेल्या आणि 2005 च्या आधी वडील वारलेल्या मुलीला वडिलोपार्जित जमिनीत शून्य हक्क. सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे.’ लिहिणारा अडाणी नाही, हेच वाईट. यातली दोन्ही वाक्यं कधीकाळी अर्धी खरी होती. महाराष्ट्राने केंद्राच्या आधी, 1994 साली, मुलींना मुलासारखा जन्मापासूनचा हिस्सा दिला, पण आधीच लग्न झालेल्यांना त्यातून वगळलं. ते खरं. मग 9 सप्टेंबर 2005 पासून हिंदू वारसा कायद्यातली केंद्राची दुरुस्ती लागू झाली आणि तिच्यात लग्नाची अटच नाही. 1987 ला झालेलं असो की काल.

राहिले वडील. 2015 साली सुप्रीम कोर्टाने खरंच म्हटलं होतं की 9 सप्टेंबर 2005 रोजी बाप आणि मुलगी दोघंही हयात हवेत. मेसेजवाला तिथेच थांबलाय. 11 ऑगस्ट 2020 ला विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा या खटल्यात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो निकाल रद्द ठरवला. मुलीचा हक्क जन्माने येतो, त्यामुळे त्या तारखेला बाप जिवंत असण्याची गरज नाही, असं स्वच्छ सांगितलं. रद्द झालेला निकाल खिशात ठेवून बहिणीची सही मागायची, याला काय म्हणायचं ते ज्याचं त्याने ठरवावं.

आणि ‘शून्य’ तर कधीच नव्हतं. 1956 च्या मूळ कायद्यातही बाप मृत्युपत्र न करता गेला की त्याच्या स्वतःच्या हिश्शात बायको, आई, मुलगे आणि मुली सारख्याच वारस. मुलगी लग्न झालेली असली तरी.

आता भावांच्या बाजूचं जे खरं आहे तेही सांगतो, नाहीतर म्हणाल एकतर्फी लिहिलं. 20 डिसेंबर 2004 च्या आधी नोंदणी करून किंवा कोर्टाच्या हुकमाने वाटणी झाली असेल, तर ती आता उकरता येत नाही. त्याआधी रीतसर विकलेली जमीनही गेली ती गेली. बापाची स्वकष्टाची जमीन असेल तर तो मृत्युपत्राने कुणालाही देऊ शकतो. पण ‘आमची वाटणी पारावर तोंडी झालीय’ हे 2020 च्या निकालापुढे सहसा टिकत नाही. त्याला सरकारी कागदाचा भक्कम आधार लागतो.

‘हुंड्यात तिचा वाटा गेला.’ हुंडा देणं-घेणं 1961 पासून गुन्हा आहे. म्हणजे आपण गुन्हा केला असं लेखी कबूल करायचं आणि त्याचीच वजावट मागायची! शिवाय तो पैसा गेला सासऱ्याच्या घरात, वजावट मात्र पोरीच्या नावावर.

‘शेती भाऊ कसतो.’ बरं. मग द्राक्षाची विरळणी कोण करतं? हळद कोण काढतं? आपल्या कारखान्यांना ऊस तोडायला बीडकडून येणारं जोडपं मिळून एक ‘कोयता’ धरतात आणि उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतो नवरा. तिचं काम मोजायचंच नाही अशी सोय आपणच करून ठेवलीय. केंद्राच्या 2024 च्या वेळ-वापर पाहणीत घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बायका त्याला दिवसाचे 289 मिनिटं देतात, करणारे पुरुष 88. आणि 2015-16 च्या कृषिगणनेत देशातल्या शंभर खातेदारांत बायका जेमतेम चौदा. विषमता उरलीय कुठे, तर सातबाऱ्यावर उरलीय.

1,500 रुपयांनी बायका आळशी झाल्या म्हणे. दिवसाला 50 रुपये पडतात. द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीला माणूस मिळत नाही हे खरंय, बागायतदारांची तारांबळ मीही बघतो. पण बाईची हजेरी गड्यापेक्षा कमी ठेवायची आणि ती आली नाही की योजनेला शिव्या घालायच्या, हे जमायचं नाही. ‘फुकट खायची सवय’ म्हणणाऱ्याने तासगाव तालुक्यातल्याच विसापूरच्या वि. स. पागेंची रोजगार हमी आठवावी. मागेल त्याला काम, आणि त्या कामाला बाई-गड्याचा दर एकच. आधी तो दर द्या, मग आळसाचं बोलू. एसटीच्या अर्ध्या तिकिटावर मी वेळ घालवणार नाही.

आरक्षण दहा वर्षांचं: ती मुदत लोकसभा-विधानसभेतल्या राखीव जागांची, कलम 334 मधली. ती वाढत वाढत 2030 पर्यंत आलीय. शिक्षण आणि नोकरीतल्या आरक्षणाला घटनेत मुदतच नाही. शेजारच्या कोल्हापुरात शाहू महाराजांनी 1902 सालीच निम्म्या जागा राखून ठेवल्या होत्या. 2019 चं आर्थिक दुर्बलांचं दहा टक्के मात्र मेसेजमध्ये दिसत नाही, ते बहुधा चालतं. आणि जात संपली म्हणणाऱ्याने आपल्या गावात स्मशानभूमी किती आहेत ते एकदा मोजावं.

सातवा मुद्दा: ‘वाटा मागितला की माहेर तुटतं.’ हे खरं आहे. तुटलेली माहेरं आपल्या सगळ्यांच्या बघण्यात आहेत. पण हा कायदा नव्हे, ही धमकी आहे. बहिणीने हक्क सोडावा असं वाटत असेल तर तोंडावर सांगा, तुझा एवढा हिस्सा होतो, सोडतेस का? तिने समजून-उमजून सोडला तर माझी काही हरकत नाही.

तोवर ज्यांच्या आत्यांना, बहिणींना हा मेसेज आलाय त्यांनी सही करायच्या आधी सातबारा, आठ-अ (खात्याचा उतारा) आणि वारसनोंदीचा फेरफार काढून घ्यावा. थोरल्याच्या नावापुढे ‘ए. कु. मॅ.’ दिसलं तर तो एकटा मालक नाही, एकत्र कुटुंबाचा मॅनेजर आहे. बाईचं नाव भोगवटादारात, म्हणजे जमीन ज्यांच्या नावावर त्यांच्यात, नसेल तर ‘इतर हक्क’ या रकान्यात बघा, पुष्कळदा तिथे ढकललेलं असतं. कुठेच नसेल तर वारस म्हणून नाव लावायचा अर्ज द्या आणि पोच घ्या. तोंडी ‘बघतो’वर परत येऊ नका.