इंग्रजांच्या परसातले खड्डे

‘एकोणिसाव्या शतकापर्यंत इंग्रजांना संडास माहीत नव्हता. सगळी घाण खिडकीतून रस्त्यावर. म्हणून उंच टाचांचे बूट निघाले. संडास त्यांनी आपल्याकडूनच नेला.’ हा मेसेज कित्येक वर्षं फिरतोय. आता माझ्या भाचीने तो शाळेतल्या भाषणात घातला आणि टाळ्या मिळवल्या, म्हणून लिहायला बसलो.

संडास नव्हता म्हणे! इंग्लंडच्या जुन्या गावांत घरांमागे उत्खनन केलं की सोळाव्या ते अठराव्या शतकातले शौचाचे खड्डे वारंवार सापडतात. त्यांतले कित्येक विटांनी नाहीतर दगडांनी बांधून काढलेले. गाळात अंजिराच्या आणि द्राक्षाच्या बिया, माशांचे काटे, जंतांची अंडी. वर फुटकी भांडी आणि चिलमींचे तुकडे. सगळंच खिडकीतून रस्त्यावर जात असतं, तर परसात हे थर साचले कुठून? लंडनच्या सॅम्युअल पेपिस या सरकारी अधिकाऱ्याची रोजनिशी तर सहज उपलब्ध आहे. २० ऑक्टोबर १६६० ची नोंद वाचा. तळघरात उतरला तर पाय थेट विष्ठेच्या ढिगात, कारण शेजारच्या टर्नरचा संडास भरून याच्या तळघरात वाहत होता.

रस्त्यावर वाट्टेल ते टाकायची मुभा होती हेही खोटं. १५५२ मध्ये स्ट्रॅटफर्ड-अपॉन-एव्हनमधल्या हेन्ली स्ट्रीटवर उकिरडा केला म्हणून जॉन शेक्सपिअरला दंड झाला होता. हा नाटककाराचा बाप.

गल्ल्या घाण होत्या, हे मान्य. खड्डे झिरपायचे, हेही मान्य. १८५४ मध्ये लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवर कॉलऱ्याने माणसं मेली, ती अशाच खड्ड्यातून विहिरीत झिरपलेल्या मैल्याने.

टाचांचे बूट इराणी घोडेस्वारांचे. युरोपात ते आधी पुरुषांनी घातले. आणि मोहेंजोदडोची गटारं खरोखरच थोर, पण तिथलं उत्खनन १९२० नंतरचं. जमिनीखाली गाडलेल्या शहरावरून इंग्रजांनी संडास उचलला कसा?

मला सर्वांत जास्त खुपतं ते वेगळंच. इंग्लंडमधले ते खड्डे रात्री माणसंच उपसायची, मैला गाड्यांत भरून गावाबाहेर न्यायची. आपल्याकडे टोपलीचे संडास होते, आणि टोपली कोणी उचलायची हे जात ठरवायची. ‘आपण मुळातच स्वच्छ’ असं पोरांना शिकवताना ही माणसं पुसली जातात. १९९३ चा कायदा पुरला नाही, म्हणून २०१३ मध्ये आपल्याला हाताने मैला उचलण्याविरुद्ध दुसरा करावा लागला.