स्वरांचं निर्लेखन : नव्या विभागप्रमुखांसाठी काही उपयुक्त सूचना

अभिनंदन! संगीत विभागाचा कार्यभार तुमच्याकडे आला. दोन बाद हार्मोनियम, एक फाटका तबला आणि वरच्या मजल्यावरच्या खोलीची किल्ली एवढं मिळालं असेल. त्या खोलीत स्पूलच्या टेपांची काही खोकी आहेत, थोड्या लाखेच्या तबकड्या आहेत आणि पोतंभर कॅसेटी. कुणीतरी हौसेनं जमवलेल्या मैफली, गोंधळ, भीमगीतांचे जलसे, जात्यावरच्या ओव्या. घाबरू नका. पेटवायची वगैरे गरज नाही, पेटवलं की चौकशी लागते. पुढच्या सूचना पाळल्यात तर पाच वर्षांत काही उरणार नाही आणि अहवालात 'जतन पूर्ण' असंही लिहिता येईल.

सूचना हवेतून काढलेल्या नाहीत. एका विद्यापीठानं परवाच शाल-श्रीफळासकट लोकार्पण केलेला 'डिजिटल ध्वनिसंग्रह' पेन ड्राइव्हवर समोर आहे. तो ऐकूनच त्या सुचल्या.

आधी जागा. खोकी आहेत तिथंच, पत्र्याखाली राहू द्या. टेपेला १८ ते २० अंश तापमान आणि ३० ते ४० टक्के आर्द्रता लागते, असं जगभरचे जाणकार म्हणतात. म्हणू द्या. मे महिन्यात आपल्याकडे सावलीत ४२ असतं तेव्हा पत्र्याखाली किती होतं, हे सांगायला तिथं थर्मामीटर नाही ते बरंच आहे. पुढं पावसाळ्यात ओल येतेच. नुसत्या उष्णतेपेक्षा ही वरखाली जास्त गुणकारी असते. टेप फुगते, आकसते, गुंडाळीचे पदर सैल पडतात, कडा मुडपतात. टेपा पुस्तकांसारख्या उभ्या लावायच्या असतात. तुम्ही त्या पराती रचल्यासारख्या आडव्या, एकावर एक रचा. तळातल्या स्पूलची चकती वाकली की टेप कडेला घासत राहते. वर झेंडावंदनाचे स्पीकर ठेवा. त्यांत लोहचुंबक असतो, तोही आपल्या परीनं काम करील.

खोकं उघडल्यावर आंबूस, व्हिनेगरसारखा वास आला तर कुणाचा तरी लोणच्याचा डबा राहिला असं समजून ते पुन्हा घट्ट बंद करा. (ॲसिटेटची टेप कुजताना ॲसिटिक ॲसिड सोडते. बंद खोक्यात ते शेजारच्या टेपांनाही लागतं, म्हणून 'घट्ट' महत्त्वाचं.)

लाखेच्या तबकड्या स्पिरिटनं पुसा. लाख स्पिरिटमध्ये विरघळते.

मशीन मात्र टेपांच्या आधी भंगारात काढा, हा क्रम चुकवू नका. टेप आहे पण वाजवायला मशीन नाही, अशी अवस्था आली की निर्लेखन समितीला, म्हणजे जुन्या वस्तू नोंदवहीतून बाद करणाऱ्यांना, 'उपयुक्तता नाही' असा शेरा मारायला सोपं जातं. जडवस्तू नोंदवहीत लाल रेघ, विषय संपला. समजा मशीन निघालंच नाही, तर आहे तसं चालवा. हेड, म्हणजे टेपेवरचा आवाज वाचणारा भाग, पुसू नका. आतल्या पट्ट्याचं रबर वितळून डांबर झालं असेल तर ते टेपेलाही लागू द्या. काही चिकट माणसं प्रत्येक टेपेला हेडचा कोन, म्हणजे ॲझिमथ, जुळवत बसतात. दोन्ही चॅनल एकत्र करून ऐकायचं, स्क्रू हळूहळू फिरवायचा आणि तंबोऱ्याची जवारी सगळ्यात लख्ख वाजेल तिथं थांबायचं. पाच मिनिटांचं काम आहे. कुणी करायला लागलाच तर त्याला नॅकच्या, म्हणजे महाविद्यालयांच्या मूल्यांकनाच्या, बैठकीला पाठवा.

टेप वाजताना कुईकुई ओरडत असेल आणि हेडवर तपकिरी चिकटा जमत असेल तर थांबू नका, जोर लावा. १९७० आणि ८० च्या दशकांतल्या काही पॉलिएस्टर टेपांमधला चुंबकीय कण धरून ठेवणारा डिंक हवेतला ओलावा पिऊन चिकट होतो आणि थर सुटू लागतो. हेडवर जमलेला तो चिकटा म्हणजेच गाणं. उपाय आहे, पण कुणाला सांगू नका : ५० ते ५४ अंशांवर आठ तास किंवा त्याहून जास्त मंद शेक, मग सावकाश थंड होऊ देणं आणि पुढच्या काही आठवड्यांत नक्कल उरकणं. इतकं स्थिर तापमान धरणारं इन्क्युबेटर तुमच्याच आवारात सूक्ष्मजीवशास्त्र विभागात आहे. पण त्यांच्याशी आपलं पार्किंगवरून वाजलेलं आहे. हेअर ड्रायर वापरा. ॲसिटेटची टेप अजिबात शेकायची नसते, तीही घ्या शेकून. स्पूल उजेडासमोर धरला की ॲसिटेटमधून उजेड पलीकडे दिसतो, पॉलिएस्टरमधून दिसत नाही. ही खूण लक्षात ठेवलीत तर घोटाळा टळेल, म्हणून विसरा.

आता डिजिटायझेशन. हे काम तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकाला द्या. मानधन नाही, वेगळी खोली नाही, स्वतःचा लॅपटॉप त्यानंच आणायचा. पुढच्या वर्षी त्याची नेमणूक झाली नाही की एकमेव प्रत त्याच्याबरोबर त्याच्या गावाला जाते.

तो नको असेल तर कंत्राटदार बोलवा. तीन दरपत्रकं, सगळ्यात कमी दर, प्रति टेप इतके रुपये. प्रति टेप म्हटलं की तो ऐकत बसत नाही, हा फायदा. सात इंची स्पूलवर साध्या जाडीची १२०० फूट टेप असते. सेकंदाला १९ सेंटिमीटर वेगानं ती ३२ मिनिटं चालते, साडेनऊनं ६४. कोणता वेग होता ते खोक्यावर लिहिलेलं असायचं. तुम्ही रंगकामाच्या वेळी खोकी बदललीत, त्यामुळं तो प्रश्नच मिटला. दुपटीचा घोळ निदान कानाला लगेच कळतो. चोर असतो तो थोडक्या फरकाचा. सहा टक्के वेग वाढला की सूर अर्ध्या स्वरानं चढतो, पांढरी एकमध्ये गाणारा माणूस काळी एकमध्ये गायला लागतो आणि कुणाला पत्ता लागत नाही. मुद्रणात शिरलेली विजेची ५० हर्ट्‌झची घरघर ही वेग ताडून बघायची एक खूण असते. पुरावा म्हणता येणार नाही, खूणच. साथीच्या हार्मोनियमशी ती पडताळावी लागते. कंत्राटदार पहिल्या झटक्यात ती घरघर पुसतो.

पुसण्याचंच बघा. 'नॉइज रिडक्शन' नावाचं एक बटण असतं. गाणं सुरू व्हायच्या आधीचे चार-पाच सेकंद निवडायचे, प्रोग्रॅमला सांगायचं की हा नको असलेला आवाज, आणि तो सगळ्या फाइलीतून वजा करायचा. गाणं सुरू व्हायच्या आधी काय वाजत असतं हो? तंबोरा! एकसारखा, अखंड, न बदलणारा, म्हणजे त्या प्रोग्रॅमच्या लेखी पंख्याची घरघर. झाला की तंबोरा वजा! उरतो तो गायक विहिरीच्या तळातून गुळण्या करत गातोय असा आवाज. समोरच्या पेन ड्राइव्हवर एकामागून एक फाइली अशाच आहेत. आणि वर पत्रिकेत 'स्टुडिओ दर्जाचे शुद्धीकरण'! अरे, ज्या सुराला टेकून तो माणूस दोन तास गायला तो सूरच तुम्ही काढून टाकलात, आणि बिलात त्याचे वेगळे पैसे लावलेत.

बरं, एवढ्यावर थांबावं? अर्ध्या पट्टीवर एका बाजूनं आणि उरलेल्या अर्ध्यावर दुसऱ्या बाजूनं रेकॉर्ड केलेली मोनो टेप त्यांनी स्टिरिओ मशीनवर लावली. डाव्या कानात यमन आणि उजव्या कानात मागची बाजू उलटी वाजतेय, शेवटाकडून सुरुवातीकडं. 'लोकसंगीत ३' नावाच्या फाइलीत गोंधळ्याचं संबळ सुलटं आहे आणि मागून कुणी बाई उलट्या ओव्या म्हणतेय. एकानं, फक्त एका माणसानं दहा सेकंद दोन्ही कानांनी ऐकलं असतं तरी कळलं असतं. दोन चॅनल वेगळे करायचे, एक उलटवायचा, झालं. तेही केलं नाही, आणि जपायची मूळ फाइलही नाही. सगळं थेट एमपी३, १२८ केबीपीएस, म्हणजे सेकंदाला १२८ हजार बिट. जतनाची प्रत ९६ किलोहर्ट्‌झ, २४ बिट, वेव्ह फाइल अशी करतात. स्टिरिओला तिचा दर ४,६०८ केबीपीएस येतो. म्हणजे छत्तीस भागांतला एक भाग ठेवला आणि बाकीचे पस्तीस टाकले. तंबोरा आधीच गेला होता, त्यामुळं कदाचित त्यांना वाटलं असेल की आता ठेवण्यासारखं आहे तरी काय!

आणि निवेदनं कापली. सुरुवातीला कुणीतरी माइकवर येऊन सांगायचं की आज अमुक तारीख, अमक्या गावची मंडळी, तबल्यावर अमुक. 'अनावश्यक भाग' म्हणून ते छाटून टाकलं. १९०२ साली कलकत्त्यात गायिका गौहर जाननं पहिल्या तबकड्या भरल्या तेव्हा गाणं संपताच ती स्वतःचं नाव सांगायची, कारण जर्मनीतल्या कारखान्यात लेबल लावणाऱ्याला कळायला हवं की गातंय कोण. तेव्हाच्या, जेमतेम तीन मिनिटं मावणाऱ्या तबकडीत नावाला जागा होती. तुमच्या पेन ड्राइव्हवर फाइलींची नावं आहेत 'ट्रॅक ०१' ते 'ट्रॅक २१२'.

कुणी ऐकायला मागितलंच, तर 'कॉपीराइट' म्हणा. कायद्याच्या कलम ५२ मध्ये २०१२ च्या दुरुस्तीनं अव्यावसायिक सार्वजनिक ग्रंथालयाला स्वतःजवळच्या, डिजिटल नसलेल्या प्रतीची जतनासाठी डिजिटल साठवण करायची मुभा दिली आहे. तुमच्या विधी विभागाला विचारलंत तर कळेल, म्हणून विचारू नका. विभागाच्या यूट्यूब चॅनलवर गाणं टाकायची हौस आली की मात्र कलावंताच्या घरच्यांना न विचारता टाकून मोकळे व्हा.

डीव्हीडीवर मार्करनं 'संगीत फायनल' लिहा आणि खिडकीत ठेवा.

सगळ्यात शेवटी, पेन ड्राइव्हवर आलं की मूळ टेपा भंगारवाल्याला घाला. किलोनं जातात.

पुरे झाल्या सूचना, आता सरळ बोलतो. कारण त्या विद्यापीठानं ही शेवटची सूचना अमलात आणायला घेतली आहे. निर्लेखनाचा प्रस्ताव टेबलावर आहे आणि खोकी खाली उतरवून सायकल स्टँडच्या गळक्या पत्र्याखाली ठेवली आहेत.

लाज वाटायला हवी. पैसे नव्हते हे सांगू नका. तीनशे स्पूल धरा, दोन्ही बाजू मिळून तीनशेवीस तास. तासाला सुमारे दोन जीबी, म्हणजे साडेसहाशे जीबी. एक टेराबाइटच्या डिस्कमध्ये मावतं. तीन डिस्क घ्या, एक विभागात, एक ग्रंथालयात, एक गावाबाहेर दुसऱ्या संस्थेत. तीन डिस्कना जेवढे लागले असते त्याहून जास्त त्या लोकार्पणाच्या मंडपाला गेले. माणूस नव्हता हेही सांगू नका. तासाभराच्या टेपेला तयारी, वाजवणं आणि नोंद धरून तीन तास लागतात. रोज सहा तास बसलं तर एका माणसाचं एकशे साठ दिवसांचं काम. एका माणसाला एक वर्ष पगार द्यायचा होता, आणि काम ऐकणाऱ्याकडून करून घ्यायचं होतं. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ या संशोधकांनी गावोगाव फिरून लाखावर ओव्या जमवल्या त्या प्रत्येक बाईचं नाव-गाव लिहून. त्यांत बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या बायका आहेत, आपल्याच मराठवाड्यातल्या. ते जमतं.

आणि तुमच्याकडं? ट्रॅक ४७ वरचा पखवाज शंकरबापू आपेगावकरांचा की त्यांच्या कुणा शिष्याचा? ट्रॅक ११० चा गोंधळ परभणीच्या राजारामबापू कदमांचा की आणखी कुणाचा? दोन मिनिटं ऐकून हे सांगू शकली असती अशी माणसं आपल्याकडं होती. गायक नाथराव नेरळकर २०२१ साली गेले. तोवर खोकी तुमच्या डोक्यावरच होती. कुणी एक टेप लावून अशा कुणाला बोलावलं? सत्काराला बोलावलंत, हार घातलेत आणि गाडीभाडं देऊन परत पाठवलंत. जे थोडे जुने शिष्य, तबलजी, पेटीवाले अजून आहेत ते ऐंशीच्या घरात आहेत. त्यांच्या घरी फोन करा. शंभर पानी वही घ्या आणि प्रत्येक खोक्यावर, स्पूलच्या चकतीवर, आतल्या चिठ्ठीवर जे काही खरडलं असेल ते जसंच्या तसं उतरवून घ्या, चुकीच्या शुद्धलेखनासकट. जुन्या रिकाम्या खोक्यांची रद्दी अजून गेली नसेल तर तीही परत आणा, वेग त्यांच्यावरच लिहिलेला आहे. प्रस्तावावर सही करू नका. आणि त्या टेपा सायकल स्टँडवरून आजच आत घ्या, उभ्या ठेवा. मृगाला चार दिवस आहेत आणि तो पत्रा कुठं कुठं गळतो ते तुमच्या शिपायाला पाठ आहे.