‘एआय आहे की, शिकायचं कशाला?’ याला शिरोलीतून उत्तर

सध्या एक मजकूर फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: ‘नव्या पोरांनी दोन वर्षं हेल्परगिरीत घालवू नयेत. प्रोग्राम एआय लिहितं, चूकही तेच सांगतं. मालकाला आउटपुट पाहिजे. कॅल्क्युलेटर आला तेव्हाही लोक असेच रडले होते.’ कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत व्हीएमसी मशीनपुढं (प्रोग्रामवर चालून धातू कापणारं मशीन) माझी बरीच वर्षं गेलीत, तेव्हा गप्प बसवेना.

आधी कॅल्क्युलेटर. सात गुणिले आठ त्याला कधीही विचारा, छप्पनच येणार. एआयला तोच प्रश्न दोनदा विचारला तर दोन वेगळे प्रोग्राम मिळू शकतात. आणि आपण पाढे आधी घोकले होते, म्हणून 560 दिसलं की शून्य जादा दाबलंय हे कळायचं.

‘प्रोग्राम एआय लिहितं.’ लिहितं की! मीही लिहून घेतो. पण एक टिंब बघा. फॅनुक कंट्रोलच्या (मशीन चालवणारा एका कंपनीचा कंप्युटर) पुष्कळ मशीनवर ‘एक्स 50.’ म्हणजे 50 मिलिमीटर. टिंब राहिलं तर तेच होतं 0.05 मिलिमीटर. शेजारच्या मशीनचं पॅरामीटर (आतली सेटिंग) वेगळं असलं तर तिथं बिनटिंबाचं 50 सुद्धा 50 मिलिमीटरच. आपल्या मशीनला काय लावलंय, हे एआयला सांगायचं कुणी? सांगणाऱ्या पोराला असा प्रकार असतो हेच ठाऊक नसतं.

‘चूकही तेच सांगतं.’ टाइप केलेल्यातली सांगेल. जॉब धरणारा क्लॅम्प बोटभर उंच बसलाय, हे टाइप कोण करतंय? कास्टिंगचा पातळ भाग साच्यात लवकर थंड झाला की तिथलं बीड (ओतीव लोखंड) पांढरं आणि कमालीचं कडक होतं. ड्रॉइंगवर त्याचा पत्ता नसतो. टूल किरकिरलं की जुन्या सेटरचा हात आपोआप फीडच्या (टूल पुढं सरकायच्या वेगाच्या) नॉबवर जातो, बोलणं अर्धवट टाकून. नवं पोरगं तेव्हा स्क्रीनवर प्रोग्राम तपासत असतं. प्रोग्राम बरोबरच असतो.

हेल्परगिरीबद्दल मात्र त्या मजकुराशी निम्मा सहमत आहे. चहा आणायला आणि बर (कापलेल्या धातूचा चुरा) झाडायला दोन वर्षं लावणं ही निव्वळ पिळवणूक, आणि आमच्यातल्या कैक मिस्त्रींनी ती केलीय. पण त्याच दिवसांत सिंगल ब्लॉकवर एकेक ओळ चालवत, रॅपिड (न कापता सरकायचा वेग) 25 टक्क्यांवर ठेवून पहिला जॉब काढायची सवय लागली. चहा बंद करा, हे ठेवा.

‘मालकाला आउटपुट पाहिजे.’ पाहिजेच. टूल फिरवणारा स्पिंडल ठोकला तर दुरुस्तीचं बिलही त्यालाच येतं.

मी आता नव्या पोरांना एआयनंच लिहिलेला प्रोग्राम देतो, मशीन बंद ठेवून. टूल कुठल्या ओळीला कुठं असेल ते बोटानं दाखवायचं. परवा एकजण मधेच थांबला, “दादा, ह्यात जी-43 कुठाय?” नव्हताच. त्या आज्ञेशिवाय टूलची लांबी न धरता झेड (वर-खालची चाल) खाली आला असता, थेट जॉबमध्ये.